शांततेचा नमुना

पहिलं सॉफ्टवेअर यर्कोनं टाकून दिलं,
बहिणीचा मुलगा, त्याला सगळं चोरीचं मिळतं.
उघडलं तर विमानाचा कॉकपिट.
चारशे बटणं. आणि मला वाजवायचे होते
तीन वॉल्ट्झ,
एका अकॉर्डियनवर,
बोटांचे सांधे अजून माझं ऐकतायत तोवर.

दुसरं फुकट. फुकट ते पौष्टिक, म्हणून महिनाभर गिळलं.
भाता ओढला की माझाच सूर
कानात उशिरा यायचा,
जणू भिंतीपलीकडे दुसरी कुणी नोल्फा मान्सिया
एक श्वास मागे राहून माझी नक्कल करतेय.
यर्को म्हणाला, लेटन्सी. बफर कमी कर, मावशी.
कमी केलं,
तर सूर तव्यावरच्या लाह्यांसारखे फुटायला लागले.
मधला आकडा सापडायला अकरा रात्री गेल्या.
दोनशे छप्पन्न.
कपाटाच्या दारावर आतून खडूनं लिहून ठेवलाय.

(कपाट म्हणजे स्टुडिओ.
इस्पितळाच्या धुलाईघरातून बाद झालेली सात ब्लँकेटं,
अजून फिनेलचा वास येणारी,
खिळ्यांवर टांगलेली.
गुडघे दाराबाहेर राहतात.)

तिसरं साठ दिवसांच्या बोलीवर आलं.
साठ दिवस संपले तरी उघडतं,
फक्त आधी पाच सेकंद थांबवून ठेवतं,
उधारीवर पीठ नेणाऱ्या बाईकडे
दुकानदार बघतो तसं.
बोलत काही नाही. बघतं.
तेच ठेवलं.

मग शिकत गेले.
माइक भात्याच्या समोर नको, जरा तिरका,
दोन वीत लांब.
सुरांचा हिरवा पट्टा पिवळ्यापर्यंत जाऊ द्यायचा,
लाल दिसला की हात आखडायचा.
क्लिक लावायचं, त्याच्याबरोबर वाजवायचं.
इथं अडले.
टक टक टक, आणि दर दुसऱ्या टकाला मी मागे.
चाळीसदा वाजवलं, चाळीसदा तिथंच मागे,
तेवढीच मागे.
तेव्हा आठवला एलेउतेरियो मामा,
स्टुलावर बसून पायानं ताल देणारा.
डावा पाय केयोनच्या धक्क्यावर दोरात अडकून मोडलेला,
उचलून टेकवायला त्याला वेळ लागायचा.
मी वॉल्ट्झ शिकले ती त्या पायाकडून.
क्लिक बंद केलं.

राहिला वारा.
पुंता अरेनासमध्ये चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
छपराचा पत्रा रात्रभर दात वाजवतो.
यर्को म्हणाला, त्यालाही औषध आहे :
आधी नुसत्या शांततेचा नमुना दे,
दोन-तीन सेकंद, तू न वाजवता.
त्यात जे ऐकू येईल ते यंत्र ओळखून घेईल
आणि सगळीकडून पुसेल.

दिला. अकॉर्डियन मांडीवर, मी गप्प.
तीन सेकंद पत्रा, खिडकीची फट,
सामुद्रधुनीवरून येणारं ते लांबट हूं.
पुसलं.

ऐकलं, आणि हेडफोन काढून ठेवले.
सूर सगळे जागेवर होते,
धुऊन इस्त्री करून घडी घातल्यासारखे.
पण भाता उघडताना जो श्वास घेतो
तो गेला होता.
यंत्राला तोही वाराच वाटला.
चूक तरी कशी म्हणू त्याची,
भाता ओढून आत घेते ती हवा
दुसऱ्या कुठल्या गावची असते?

मागे फिरवलं. एक बटण, एवढं सोपं.
पत्रा परत आला, श्वास परत आला.
दुसऱ्या वॉल्ट्झमध्ये शेवटाकडे
कुणाच्या तरी फाटकाची कडी आपटते,
नेमकी दुसऱ्या मात्रेला,
जरा उशिरा.

पगार झाला तेव्हा पैसे भरून टाकले.
आता ते थांबवत नाही, बघत नाही,
बोट लावलं की उघडतं.
त्या पाच सेकंदांत मी
तळहात एकमेकांवर घासून बोटं गरम करायचे.
आता मांडीवर वाद्य, पडद्यावर लाल ठिपका तयार,
आणि बोटं अजून गार.